तळच्या ओळीचं गूढ

चोवीस लोखंडी पत्रे हमालाच्या पाठीवर बसून जिना चढले, तेव्हा घरातल्या दोघी बायका दारात उभ्या राहून मोजत होत्या. चोविसावा पत्रा वर गेला, त्याच्या मागून एक तिरकी लाकडी मांडणी गेली, आणि सगळ्यात शेवटी हातात पाटी घेऊन घरमालक स्वतः गेले.

"आता हे काय नवीन काढलं याने?" आईने विचारलं.

"प्रयोग," सून म्हणाली, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. या घरात 'प्रयोग' म्हटल्यावर पुढचं काही विचारायची पद्धत नव्हती. उगीच उत्तर मिळायचं.

घरमालकांना सगळे प्रयोगराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी हा माणूस डाव्या पायात नवी आणि उजव्या पायात जुनी चप्पल घालून सासऱ्यांकडे गेला होता. का, तर कोणता पाय चप्पल जास्त झिजवतो ते बघायला. पुढे एकदा, गजराचं घड्याळ आडवं ठेवलं तर मागे पडतं का, हे तपासलं. पडतं. किती पडतं, तर सगळं कुटुंब नटूनथटून एका लग्नाला पोचलं तेव्हा मांडववाला खुर्च्या एकावर एक रचत होता.

त्यांचे नियम दोनच, पण लोखंडाचे. एक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन, घरात 'मला वाटतं' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने चहाचे कप विसळायचे. "वाटण्याला काय किंमत आहे? पुरावा आणा!" असं ते बोट वर करून म्हणत, आणि ते बोट बघून बायको कप गोळा करायला लागे.

तर प्रयोगराव एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. चौदा वर्षं. आणि चौदाही वर्षं स्टुलावर बसून. हात टेकायची खुर्ची प्रयोगशाळेत एकच होती, ती प्रमुखांची. प्रमुख आता निवृत्त होणार होते आणि मोठे साहेब म्हणाले होते, "प्रयोगराव, हा रंगांचा निकाल मला चोख आणून द्या. खुर्ची तुमची." त्या दिवसापासून प्रयोगराव घरी जेवतानासुद्धा दोन्ही कोपरं हवेत टेकवून बसू लागले. सवय असावी म्हणून.

काम असं होतं. चार रंग. तीन नवे, आणि एक कारखान्याचा जुनाच, तुलनेसाठी. तो जुना रंग असा गुणी, की भिंतीला टेकून उभं राहिलं तर माणसाची पाठ हिरवी व्हायची. चारही रंग दिसायला अगदी सारखे हिरवे. प्रत्येकाचे सहा-सहा पत्रे. ऊन, पाऊस, धूळ आणि पक्षी यांच्या ताब्यात द्यायचे आणि बघायचं, कोण टिकतो. कारखान्याच्या छपरावर चिमणीची काजळी पडते, म्हणून साहेबांनी प्रयोगरावांची गच्ची निवडली. "रंग लोक घराला लावतात, चिमणीला नाही," साहेब म्हणाले. कुठल्या ओळीत कुठला रंग आहे ते खुद्द प्रयोगरावांनाही माहीत नव्हतं. ती यादी पाकिटात, पाकीट साहेबांच्या टेबलाच्या कप्प्यात, आणि कप्प्याची किल्ली साहेबांच्या गळ्यात.

मांडणी उभी राहिली. चार ओळी, एकीच्या वर एक. सगळ्यात खाली, मांडणीच्या पायाशी, प्रयोगरावांनी पाटी ठोकली: 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये.'

मग आईला मुद्दाम वर बोलावलं.

आता या आईबद्दल सांगायलाच हवं. तिच्या कमरेला कायम एक फडका खोचलेला. झोपतानासुद्धा तो उशाशी. दिसेल ते पुसायचं, एवढं एकच व्रत. पोस्टमन पत्र देऊन सहीसाठी थांबला, तर सही होईपर्यंत त्याचा चष्मा पुसून झालेला असे. एकदा दारात उभी असलेली शेजाऱ्याची जुनी मोटार तिने पुसून ठेवली, तर शेजारी गाडी चोरीला गेली म्हणून तासभर गल्लीत बोंबलत फिरला. दोनदा गाडीवरच टेकून उभा राहिला म्हणे, तरी ओळखेना.

"आई, या पत्र्यांना काहीही करायचं नाही," प्रयोगराव म्हणाले.

"मला काय करायचंय तुझ्या पत्र्यांशी?"

"यांच्यावर धूळ बसेल."

"बसू दे की."

"पाऊस पडून चिखलाचे ओघळ येतील."

"येऊ देत."

"कबुतरं घाण करतील."

आईचा चेहरा जरा बदलला. "आणि ती घाण तशीच ठेवायची?"

"तशीच."

"आपल्या गच्चीवर?"

"हो."

"समोरच्या बाईच्या देखत?"

समोरच्या इमारतीतली बाई खरोखरच सज्ज्यात उभी होती आणि मान तिरकी करून पत्रे बघत होती. ही बाई आणि आई या दोघींत बावीस वर्षांत भांडण असं झालं नव्हतं. फक्त एकमेकींची दोरीवरची धुणी बघून नाकं मुरडणं, तेवढंच.

"आई, हे विज्ञान आहे," प्रयोगराव म्हणाले आणि खाली गेले. आई वरच थांबली. पत्र्यांकडे बघत.

प्रयोगराव रोज सकाळी आठला कारखान्यात जात आणि संध्याकाळी सहाला परत येत. पत्रे बघायचा दिवस रविवार. आई रोज दहाला धुणं वाळत घालायला गच्चीवर जाई. आता तुम्हाला कळलंच असेल, पण प्रयोगरावांना कळायला पाच महिने लागले. शिकलेल्या माणसाचं असंच असतं.

पहिल्या रविवारी ते वही, पेन्सिल आणि भिंग घेऊन वर गेले आणि दोन मिनिटांत धडधडत खाली आले.

"अगं, तळची ओळ! वरच्या तिन्ही ओळींवर धुळीचा थर, आणि तळची नव्या ताटलीसारखी लख्ख!"

बायको पोळपाट बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, मला वाटतं आई..."

"कप!" प्रयोगराव बोट वर करून म्हणाले.

बायकोने कप विसळले. आई कोपऱ्यात बसून दाराची कडी पुसत होती. तिला कोणी काही विचारलं नाही, म्हणून ती काही बोलली नाही.

दोन महिने असे आठ-नऊ रविवार गेले. वरच्या तीन ओळींची दशा बघवेना. कबुतरांनी तर तिथे घरच केलं होतं. तळची ओळ मात्र लखलखीत. किंचित फिकी झाली होती, ते उन्हाने, अशी वहीत नोंद झाली. प्रयोगरावांच्या डोळ्यांपुढे खुर्चीचे हात नाचायला लागले. तीन नव्या रंगांपैकी एक त्यांनी स्वतः बनवला होता. तळाशी तोच असणार, अशी त्यांची खात्री होती. 'वाटत' नव्हतं हं, खात्री होती. त्याला कप विसळावे लागत नाहीत.

साहेबांच्या खोलीत पाकीट फुटलं. साहेबांनी कागद वाचला, मग उलटा करून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"तळच्या ओळीत," साहेब खोल आवाजात म्हणाले, "आपला जुनाच रंग आहे."

"पाठ हिरवी करणारा?"

"तोच. दहा वर्षं संशोधन केलं आपण, प्रयोगराव. दहा वर्षं! आणि सगळ्यात चांगला निघाला तो, ज्याच्या तक्रारींनी माझं कपाट भरलंय. तुम्ही नक्की सरळ बघितलंत ना?"

खुर्ची दारापर्यंत येऊन मागे वळली होती. पण गडी प्रयोगाचा पक्का. ते म्हणाले, "साहेब, कदाचित गुण रंगाचा नसेल, जागेचा असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलू. नवे पत्रे घेऊ. रंग तेच, फक्त तळाला दर महिन्याला दुसरी ओळ आणू."

आणि तसं केलं. पहिल्या महिन्यात दुसरा रंग तळाला आला. तो लख्ख. पुढच्या महिन्यात तिसरा. तोही लख्ख. मग चौथा. आरशासारखा! जुना रंग वर गेला तेव्हा तोही बाकीच्यांसारखा कबुतरांचा झाला. दर वेळी नवे पत्रे आले, की आईही आपल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून एक नवा फडका फाडून घेई. नव्या पाहुण्याला जुना फडका लावायचा नाही, ही तिची रीत.

बायकोने या काळात आणखी एकदा तोंड उघडलं. "अहो, ऐका ना. मला वाटतं..."

"कप!"

"अहो पण..."

"पुरावा आहे?"

"पुरावा काय, रोज दहा वाजता..."

"म्हणजे नाहीच! कप."

या वेळी तिने एक कप जरा जोरातच आपटला. कान तुटला कपाचा. प्रयोगरावांनी वहीत तेही टिपून ठेवलं.

तळच्या ओळीची गोष्ट कारखानाभर झाली. साहेबांनी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञ उंच, बारीक, आणि बोलताना डोळे मिटून घेणारे. त्यांनी गच्चीवर पातळ कागदाच्या पट्ट्या बांधल्या, कापसाचे बोळे दोऱ्याला टांगले, पहाटेचं दव चमच्यात गोळा केलं. एक कबूतर तर दोन तास मांडीवर घेऊन बसले. शेवटी मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "तळाशी वाऱ्याचा भोवरा तयार होतो. तो धूळ उचलून वर फेकतो. वरच्या ओळी मळतात, तळची धुतली जाते."

"याला पुरावा?" प्रयोगरावांनी आदराने विचारलं.

तज्ज्ञांनी डोळे उघडले आणि मांडणीच्या पायाशी बोट दाखवलं. "ती पाटी बघा."

'हात लावू नये' ही पाटी नुसती स्वच्छ नव्हती, चमकत होती.

"पाटीही तळाशीच आहे!" तज्ज्ञ म्हणाले.

प्रयोगरावांच्या अंगावर काटा आला. साहेबांच्या तर डोळ्यांत पाणी. एवढा मोठा शोध आपल्या पगारावरच्या माणसाच्या गच्चीवर! या भोवऱ्याला आपलंच नाव द्यावं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "मग काय, यापुढे घरं बुटकी बांधायची का?"

तिघेही तिच्याकडे कौतुकाने बघायला लागले. तज्ज्ञांनी ते लिहून घेतलं.

आता शेवटची पायरी उरली होती. भोवरा डोळ्यांनी बघायचा. पुढच्या सोमवारपासून साहेब, तज्ज्ञ आणि प्रयोगराव गच्चीवर ठाण मांडून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसायला लागले. साहेबांसाठी हातांची खुर्ची कारखान्यातून आणली होती. तीच ती. प्रयोगराव शेजारी आपल्या स्टुलावर.

सोमवारी दहा वाजता आई धुण्याची बादली घेऊन वर आली, तिघांना बघितलं, धुणं वाळत घातलं आणि खाली गेली. फडका कमरेला तसाच. पाहुणे बसलेले असताना झाडलोट करायची नाही. ते 'उठा आता' म्हटल्यासारखं होतं. एवढं वळण तिला होतं.

मंगळवारी तळच्या ओळीवर धुळीची साय आली. बुधवारी पाऊस शिंतडला आणि ओघळ उतरले. गुरुवारी दुपारी एक कबूतर मुद्दाम उडत आलं, तळच्या ओळीवर मधोमध बसलं, तिघांकडे नीट बघितलं, आणि जे करायचं ते करून निघून गेलं.

साहेब गार. "भोवरा कुठाय?"

तज्ज्ञांनी डोळे मिटले. "आपण बघत असल्यामुळे बहुधा..."

"बघितल्यावर वारा लाजतो का हो?"

इकडे खाली आईची अवस्था वाईट होती. चार दिवस वर ती घाण डोळ्यांनी बघायची आणि गप्प खाली यायचं. तिने घरातल्या सगळ्या कड्या पुसल्या. परत पुसल्या. दाराच्या कडीवरचा पिवळा मुलामा जाऊन आतलं लोखंड दिसायला लागलं.

शुक्रवारी साहेब खुर्चीतून उठले. चार दिवसांच्या उन्हाने त्यांचं नाक सोललं होतं.

"प्रयोगराव, मी एक विचारू? पाच महिने तळची ओळ स्वच्छ. आम्ही येऊन बसलो की घाण. याचा अर्थ एकच."

"काय साहेब?"

"पत्रे कोणीतरी पुसत होतं. आणि या गच्चीवर येतं कोण? तुम्ही. खुर्चीसाठी तुम्ही पत्रे पुसलेत!"

"मी?" प्रयोगराव स्टुलावरून उठले ते स्टूल पाडूनच. "साहेब, मी चौदा वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही! माझ्या लग्नाची तारीख विसरलो, पण वहीतली नोंद चुकवली नाही!"

"मग पुरावा आणा," साहेब म्हणाले. "तुम्हीच म्हणता ना नेहमी? नाही तर खुर्ची विसरा. स्टूलसुद्धा विसरा."

प्रयोगरावांना एकदम आठवलं, की पुरावा मागणं किती सोपं असतं. ते पडलेलं स्टूल उचलायला वाकले. तेवढ्यात जिन्याच्या दारातून आई आली. मागे चहाचा ट्रे घेऊन बायको. दोघींनी शेवटचं सगळं ऐकलं होतं.

आईने बादली खाली ठेवली. साहेबांच्या समोरून तरातरा चालत मांडणीपाशी गेली, कमरेचा फडका काढला, आणि कबुतराच्या उद्योगावर पहिला हात मारला.

"आई!" प्रयोगराव ओरडले.

"ओरडू नको. पाच महिने मीच पुसतेय. माझ्या पोराला खोटारडा म्हणता?" ती साहेबांकडे वळली. "आणि तुम्ही हो, तीन-तीन धडधाकट माणसं चार दिवस इथे बसलात, चहा प्यायलात, पण एकानेही फडका फिरवला नाही?"

तज्ज्ञांच्या कागदी पट्ट्या फडफडल्या. भोवऱ्याने नव्हे, साध्या वाऱ्याने.

"पण... तळचीच ओळ का?" तज्ज्ञांनी विचारलं.

"वरती हात पोचत नाही. गुडघे दुखतात, स्टुलावर चढता येत नाही. पाटी खाली होती, ती पुसली. शब्द होते तिच्यावर काहीतरी, पण मी वाचायचा चष्मा वर आणत नाही."

प्रयोगरावांनी कपाळाला हात लावला. "आई, अगं, मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस?" आई म्हणाली. "पाच महिने तू वाऱ्याला विचारलंस, दवाला विचारलंस, कबुतराला मांडीवर घेऊन विचारलंस..."

"ते मी," तज्ज्ञ पुटपुटले.

"कोणी का असेना. घरात एक जिवंत म्हातारी आहे, तिला विचारलं कोणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

प्रयोगराव बायकोकडे वळले. "आणि तू? तू तरी सांगायचंस!"

"दोनदा म्हटलं 'मला वाटतं'," बायको शांतपणे म्हणाली, "दोन्ही वेळा कप विसळले. तिसऱ्यांदा माझे हात मोकळे नव्हते."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "संपलं. पाच महिने पाण्यात. शोध गेला, भोवरा गेला, माझं नाव गेलं, आणि कुठला रंग चांगला तेही कळलं नाही."

"का? ते कळलं की," आई म्हणाली.

"काय कळलं?"

"रंग. तुमच्या चारातले तीन टाकाऊ आहेत. एक तेवढा बरा."

ती खाली गेली. सगळे वाट बघत उभे. पाच मिनिटांनी चार फडके घेऊन वर आली आणि धुण्याच्या दोरीवर ओळीने लावले. "हा याच्या निळ्या शर्टाचा. पहिल्या पत्र्यांचा. बघा." निळा शर्ट आता हिरवा झाला होता. "हा उशीच्या खोळीचा, दुसऱ्यांचा." खोळ अर्धी हिरवी. "हा पडद्याचा." त्या पांढऱ्या पडद्यावर टिपूस नव्हता. "आणि हा चादरीचा, आत्ताच्या पत्र्यांचा. कोपरे हिरवे. उकळत्या पाण्यात घातले, साबण घासून हात दुखले, पण हे तिन्ही डाग काही जाईनात. जो रंग फडक्यावर उतरतो, तो भिंतीवर काय कपाळ राहणार?"

साहेब उठून पडद्याच्या तुकड्यापाशी गेले. नाक लावून बघितलं. मग खिशातून ती यादी काढली.

पण आता प्रयोगराव मध्ये पडले. माणूस बुडत असला तरी नियम सोडेना. "साहेब, असा निकाल धरता येणार नाही. एका पत्र्याला जास्त घासलं असेल, एकाला कमी. पाणी कमीजास्त. वेळ कमीजास्त. हे काही नियमात..."

"वेळ दहा," आई म्हणाली. "पाणी अर्धा मग. साबण नाही. दर पत्र्याला सात हात, चार आडवे, तीन उभे. डावीकडून सुरुवात."

"रोज?"

"रोज."

"मोजून?"

"मग काय अंदाजाने?" आईला रागच आला. "सहा हातांत धूळ निघत नाही. आणि आठ म्हणजे लाड."

तज्ज्ञांनी पहिल्यांदाच दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवले. "सगळं सारखं, बदल फक्त रंगाचा," ते कुजबुजले. "आणि आजींना कुठला रंग कुठला हे माहीतही नव्हतं. मी तीस वर्षांत असा स्वच्छ प्रयोग बघितला नाही."

"स्वच्छच असतं माझं काम," आई म्हणाली.

साहेबांनी यादी वाचली. तिसऱ्यांदा तळाला आलेला रंग. पडद्याचा फडका. तो प्रयोगरावांनी स्वतः बनवलेला रंग होता. साहेबांनी एकदा यादीकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि एकदा आपण बसलेल्या खुर्चीकडे. मग त्यांनी आपल्या रुमालाने खुर्चीचे दोन्ही हात पुसायला घेतले.

"द्या इकडे," आई म्हणाली. "तुम्हाला जमत नाही ते."

खुर्ची मिळाली, पण तिच्यासोबत कामही आलं. पुसला तरी न उतरणारा रंग विकायचा, तर तो नीट तपासायला हवा. गच्चीवर आता तीन मांडण्या उभ्या राहिल्या. एक रोज पुसायची, एक आठवड्याने, आणि तिसरी कधीच नाही. त्या तिसरीच्या बाबतीत आईने हातात कपडे वाळत घालायची काठी घेऊन शपथ घेतली. प्रयोगरावांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'साहित्य' या मथळ्याखाली लिहिलं: 'मांडण्या तीन, पत्रे अठरा, मग एक, आई एक.'

आईने वाचायचा चष्मा लावून ते पान वाचलं. "मगाच्या खाली होय रे माझा नंबर?"

त्यांनी खोडून आईला वर घेतलं.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी प्रयोगराव कारखान्यातून आले, चहा झाला, आणि बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, मला वाटतं..."

म्हणाली आणि थांबली. प्रयोगरावांनी बोट वर केलं नाही. ते उठले, तिघांचे कप गोळा केले आणि नळाखाली धरले. "बोल. विसळता विसळता ऐकतो."

"ती तिसरी मांडणी. कधीच पुसायची नाही ती. मला वाटतं, समोरच्या बाईंना ती बघवत नाहीये. आज दुपारी आईंचा डोळा लागला, तेव्हा त्या फडका घेऊन आपला जिना चढताना दिसल्या, म्हणून मी मागून गेले."

प्रयोगरावांनी हातातला कान तुटका कप खाली ठेवला. नळ तसाच वाहत होता. चौदा वर्षांत त्यांना शिकता आलं नव्हतं, ते पाच महिन्यांत थोडं शिकता आलं होतं. त्यांनी विचारलं, "हात किती मारले? बघितलेस?"

"नऊ."

आईने कडी पुसता पुसता नाक मुरडलं.

"लाड," ती म्हणाली.